दुखणे अंगावर काढू नका, पिशवीही घाईने काढू नका

आपल्या घराघरांत बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्यासाठी दोनच रस्ते ठरलेले आहेत. पहिला रस्ता म्हणजे दुखणे अंगावर काढायचे. पाळी आहे, दुखणारच, आमचेही दुखायचे, असे म्हणून आई लेकीला गप्प करते आणि लेक पुढे तिच्या लेकीला. दुसरा रस्ता सुरू होतो तो सहनशक्ती संपल्यावर. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. अंगावर काढणे आणि काढून टाकणे, या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी असते. दुखते कशाने, हे शोधण्याची. त्या पायरीला वैद्यकशास्त्र निदान म्हणते. मराठवाड्यातल्या असंख्य आयाबहिणींच्या वाट्याला ही पायरी कधी आलीच नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ती पायरी आपण हक्काने मागितली पाहिजे.

त्यासाठी एका आजाराची ओळख करून घेऊ. त्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड आहे, पण डायबेटिस आणि थायरॉइड हे शब्द आपण शिकलोच ना? हाही शिकायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पाळी येण्याच्या वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना, म्हणजे जवळपास १९ कोटी जणींना, हा आजार आहे. दहा बायकांच्या भिशीत एक, असा हिशोब धरा.

आजार काय आहे?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रक्तासोबत बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. अंडाशयावर, नळ्यांवर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, कधी मूत्राशयावर किंवा आतड्यावर. शरीरातल्या हार्मोनच्या चढउताराला या पेशीही प्रतिसाद देतात. दर महिन्याला तिथे सूज येते, रक्त साकळते, हळूहळू व्रण तयार होतात आणि आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. अंडाशयात जुने रक्त साठून गाठ झाली तर ती चॉकलेटच्या रंगाची दिसते, म्हणून डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे. हा आजार संसर्गाचा नाही, अस्वच्छतेने होत नाही आणि बाईच्या वागण्याशी त्याचा काही संबंध नाही.

लक्षणे अशी असतात. पाळीत इतके दुखते की मुलगी शाळेत, कॉलेजात किंवा कामावर जाऊ शकत नाही. नेहमीच्या गोळीने आराम पडत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला बसताना कळ येते. शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते. पाळी नसतानाही ओटीपोट आणि कंबर धरून राहते, पोट फुगते, थकवा जात नाही. काही जणींना काहीच त्रास नसतो, पण दिवस राहत नाहीत आणि त्या तपासणीत आजार सापडतो. दुखणे किती आणि आजार किती पसरलेला, यांचा मेळ बसेलच असे नाही. थोडा आजार असलेली बाई लोळून रडत असेल आणि खूप आजार असलेली मुकाट काम करत असेल.

पाळीत थोडेफार दुखणे सर्वसाधारण आहे. पण दर महिन्याला जिचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात, तिचे दुखणे सर्वसाधारण नाही. ही रेषा प्रत्येक आईने मनात पक्की करावी.

सगळ्यांना एकच उत्तर: ‘पिशवीला सूज’

जगभर या आजाराचे निदान व्हायला लक्षणे सुरू झाल्यापासून बहुधा चार ते बारा वर्षे लागतात. एवढा उशीर का? एक कारण असे की हा आजार कोणाला होतो याबद्दल डॉक्टरांच्याच मनात पूर्वग्रह होते. अमेरिकेत अनेक वर्षे असे शिकवले जाई की हा शिकलेल्या, सुखवस्तू, उशिरा लग्न करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांचा आजार आहे. काळी स्त्री ओटीपोटाच्या दुखण्याने आली की तिला लैंगिक संसर्गातून आलेली सूज आहे असे ठरवून औषध दिले जाई. १९७६ साली डॉ. डोनाल्ड चॅटमन या डॉक्टरांनी अशी सूज असल्याचा शिक्का बसलेल्या काळ्या स्त्रियांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले. त्यांतल्या पाचातल्या एकीहून अधिक जणींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस निघाला. आजार तिथेच होता, तो कोणी शोधलाच नव्हता. समोर कोण बसले आहे यावर डॉक्टरच्या डोक्यात कोणत्या आजाराचे नाव येते, हे ठरत होते.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘पिशवीला सूज आहे’ असे होते. वस्तीतल्या बाईला, शेतमजूर बाईला, वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत उभ्याने पाळी करणाऱ्या कामगार बाईला हे वाक्य ठरलेले असते. सूज खरीच असू शकते. संसर्ग, गर्भाशयातल्या गाठी, गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर शिरण्याचा ॲडिनोमायोसिस नावाचा आजार, एवढेच काय, जननमार्गाचा टीबीसुद्धा अशीच लक्षणे देऊ शकतो. म्हणून तर वेगळे करून पाहावे लागते. सूज हे उत्तर देऊन पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, पुन्हा दुखले, पुन्हा गोळ्या, असे दोन-चार वर्षे चालले की चौथ्या-पाचव्या फेरीला पिशवी काढण्याचा सल्ला येतो. तोवर बाईही इतकी थकलेली असते की तिला तो सल्ला सुटकेसारखा वाटतो.

बीडने काय दाखवले

शेजारच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट २०१९ साली देशभर गाजली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्या बायकांचे प्रमाण इतके मोठे कसे, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून पुढे आला. सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नसले तरी हा फरक डोळ्यांत भरणारा आहे.

यामागचे अर्थकारण आपल्यातल्या अनेकांना घरचे म्हणून माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी हीच अडचण होऊन बसते. दुखते, अंगावरून जास्त जाते, पांढरे जाते, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, ही भीती पुरेशी असते. उचलीत आणखी एका कर्जाची भर पडते आणि ती पुढच्या हंगामात पुन्हा फडात.

बीडच्या या सगळ्या बायकांना एंडोमेट्रिओसिस होता, असे माझे म्हणणे मुळीच नाही. काहींना शस्त्रक्रिया खरोखर लागत असेल, अनेकींना साध्या औषधाने बरे वाटले असते. पण त्यांतल्या किती जणींना आपल्या आजाराचे नाव सांगता येईल? कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत गर्भाशय काढलेल्या देशभरातील निम्म्याहून अधिक बायकांनी जे कारण सांगितले, ते होते अति रक्तस्राव किंवा दुखणे. ही लक्षणे झाली, आजार नव्हे. ताप येतो म्हणून कोणी अवयव काढत नाही, ताप कशाचा आहे ते पाहतो. बाईच्या ओटीपोटाला मात्र हा नियम लागू होत नाही.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या प्रकरणांतून ही याचिका उभी राहिली होती. अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असे न्यायालयाने सांगितले. कायदा आपल्या बाजूला आहे. तो दवाखान्याच्या टेबलापर्यंत न्यायला मात्र माहिती असलेली बाई लागते.

पिशवी काढली तरी दुखणे राहते, ते का?

इथे एंडोमेट्रिओसिस समजून घेण्याचा खरा उपयोग होतो. या आजाराची व्याख्याच अशी की तो गर्भाशयाच्या बाहेर असतो. गर्भाशय काढले आणि अंडाशयावरचे, आतड्यावरचे, पडद्यावरचे व्रण तसेच ठेवले तर दुखणे राहू शकते. पाळी बंद होते, कळ बंद होत नाही. मग घरचे म्हणतात, आता तर पिशवीही नाही, आता काय दुखते? बाईचे दुखणे खोटे ठरवायला आणखी एक कारण मिळते.

तरुण वयात पिशवीसोबत दोन्ही अंडाशयेही काढली तर शरीराला हार्मोन मिळणे एकदम थांबते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, पुढे हृदयाचे आजार होण्याचा धोका वाढणे, हे सगळे तिशी-पस्तिशीत सुरू होते. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे बदल लवकर येऊ शकतात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईची हाडे पस्तिशीत झिजू लागली तर त्याची किंमत कोण मोजणार?

निदान कसे होते

निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही, विचारपूस करण्याने होते. कधीपासून दुखते, पाळीच्या कोणत्या दिवशी, शौचाला-लघवीला त्रास आहे का, संबंधाच्या वेळी दुखते का, घरात आई-बहिणीला असे होते का, हे डॉक्टरने विचारले पाहिजे. न विचारल्यास आपण सांगितले पाहिजे. त्यानंतर तपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट आणि खोलवर गेलेला आजार दिसू शकतो, पण पडद्यावरचे बारीक व्रण बहुधा दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ आजार नाहीच, असा होत नाही. गरज पडली तर एमआरआय करतात. खालून करायची सोनोग्राफी बाईच्या संमतीनेच होते. लग्न न झालेल्या मुलीची पोटावरून करता येते.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून, तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. दुर्बिणीचे ऑपरेशन परवडत नाही म्हणून कितीतरी जणींचे उपचार अडून राहत. आता तसे नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे आणि तपासणीवरून आजाराचा संशय असेल तर ऑपरेशनची वाट न पाहता औषध सुरू करता येते. सीए-१२५ नावाची रक्ताची महागडी तपासणीही या आजाराच्या निदानासाठी करू नये, असे याच सूचना सांगतात. ती वाढलेली पाहून कॅन्सरच्या भीतीने हबकून जाऊ नका.

उपचार आहेत

आजार कायमचा घालवणारे औषध अजून नाही, पण त्याला आवर घालता येतो. पहिली पायरी वेदनाशामक गोळ्यांची. दुकानातून मेफेनॅमिक ॲसिडची पाने आणून महिनोन्महिने मनाने खाण्याची सवय मात्र सोडा. २०२३ च्या अखेरीस या औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामाबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने इशाराही दिला होता.

दुसरी पायरी हार्मोनच्या औषधांची. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टिन गटातल्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळणारे तीन महिन्यांचे इंजेक्शन ज्या गटातले आहे तो गट, किंवा तांबीसारखे गर्भाशयात बसवायचे पण हार्मोन सोडणारे साधन. यांतले कोणाला काय चालेल हे वय, रक्तदाब, अर्धशिशी, मूल हवे आहे की नाही यावरून डॉक्टरच ठरवतील. लग्नाआधी मुलीला अशा गोळ्या दिल्या तर पुढे मूल होणार नाही, ही भीती खोटी आहे. गोळ्या थांबवल्या की पाळीचे चक्र परत सुरू होते. इंजेक्शननंतर त्याला काही महिने अधिक लागू शकतात, एवढेच. उलट आजार वाढू देण्यानेच मूल होण्यात अडचण येऊ शकते.

तिसरी पायरी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची. त्यात गर्भाशय ठेवून व्रण आणि गाठी काढतात, चिकटलेले अवयव सोडवतात. औषधांनी न भागणाऱ्या, मूल हवे असणाऱ्या किंवा आतडे-मूत्रमार्गावर दाब आलेल्या स्त्रीला याचा उपयोग होतो. आजार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून नंतरही औषध चालू ठेवावे लागते. मुले झालेली आहेत, बाकी उपाय करून पाहिले, तरी त्रास आटोक्यात नाही, अशा वेळी गर्भाशय काढणे हा शेवटचा पर्याय असू शकतो. तोही बाकीचे व्रण काढण्यासह. कॅन्सर, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे यांसाठी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिला विरोध नाही. विरोध आहे तो निदानाशिवाय होणाऱ्या शस्त्रक्रियेला.

लग्न कर, मूल होऊ दे, आपोआप थांबेल, हा उपचार नाही. या सल्ल्यापायी आपल्या कितीतरी मुलींची शिक्षणे अर्धवट राहिली आहेत.

पिशवी काढा म्हणाले तर हे पाच प्रश्न विचारा

१. माझ्या आजाराचे नाव काय? ते कागदावर लिहून द्या.

२. औषध, इंजेक्शन किंवा गर्भाशयात बसवायचे साधन यांतले काही करून पाहता येईल का?

३. आज ऑपरेशन केले नाही तर काय होईल? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वेळ आहे का?

४. अंडाशये ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?

५. काढलेल्या भागाचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट मला मिळेल ना?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. दुसरे मत घ्यायला आपल्या शहरात घाटी आहे. १९५६ पासूनच्या या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागाची ओपीडी चालते. चिकलठाण्याला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. रांग मोठी असते, दिवस मोडतो, हे खरे. पण पिशवी एकदा गेली की परत येत नाही. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे आणि मगच कर्ज काढण्याचा विचार करावा.

आपण काय करायचे

आपल्या समाजाने पाळीचा विटाळ बऱ्याच अंशी टाकून दिला. आपल्या घरांत बाई चार दिवस बाहेर बसत नाही, विहारात यायला तिला कोणी अडवत नाही. याचा अभिमान योग्यच आहे. पण विटाळ गेला तरी मौन गेले नाही. बाप आणि भाऊ घरात असले की मुलगी गरम पाण्याची पिशवी पदराखाली लपवते. आणि आपल्या बायका कणखर, असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तिला आणखी गप्प करतो. कणखर म्हटले की तिचे दुखणे मोजायची गरज उरत नाही. मालकाने, मुकादमाने हेच केले. आपण तरी करू नये.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. बाईचे शरीर हा तिचा खासगी भोग नसून समाजाने आणि शासनाने जबाबदारी घेण्याचा विषय आहे, ही दृष्टी आपल्याला तेव्हाच मिळालेली आहे. ती ऊसतोडीच्या फडापर्यंत अजून पोचलेली नाही.

म्हणून काही कामे सुचवतो. महिला मंडळांनी वर्षावासातल्या एखाद्या रविवारी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना विहारात बोलवावे, आणि त्या वेळी पुरुषांनाही बसवावे. नागसेनवनात आणि शहरभर वसतिगृहांत राहणाऱ्या, खेड्यांतून आलेल्या मुलींना पाळीच्या दुखण्याची वही ठेवायला शिकवावे. तारीख, किती दुखले, कोणती गोळी घेतली, काय चुकले, एवढे तीन महिने लिहिले तरी डॉक्टरसमोर तिची बाजू भक्कम होते. हंगामाला निघण्याआधी तोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणी व्हावी, यासाठी गावच्या आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सामूहिक अर्ज करावा. आणि दवाखान्यात कोणतीही बाई एकटी जाणार नाही, चार प्रश्न विचारू शकणारी एक शिकलेली मैत्रीण तिच्याबरोबर असेल, हे मंडळाने पाहावे.

दुःख आहे हे आधी मान्य करायचे, मग त्याचे कारण शोधायचे आणि त्यानंतर उपाय, हा क्रम आपल्याला नवा नाही. घरातल्या लेकीच्या ओटीपोटातल्या दुखण्यालाही तोच लावा. या महिन्यात तिची पाळी येईल, तेव्हा तिला एवढेच विचारा: किती दुखते? आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.